दिवाळीचा रंग आणि मावळातली भिंत

प्रश्न : आमचं घर पवनानगरला, धरणापासून जवळच. मागच्या दोन खोल्या जुन्या, दगडमातीच्या. पुढचं बांधकाम विटा-सिमेंटचं, वर स्लॅब. दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या तोंडावर रंग काढतो आणि दोन पावसाळे उलटले की पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे निघतात. त्याच कंपनीचा तोच रंग माझ्या भावानं पिंपरीत लावला, त्याचं घर अजून चांगलं आहे. यंदा पेंटर म्हणतो, ‘दिवाळी जाऊ द्या.’ दुकानदार म्हणतो, ‘मे महिन्यात करा, तेव्हा भिंत खडखडीत वाळलेली असते.’ आई म्हणते, ‘दिवाळीला घर रंगवायचं नाही तर मग कधी?’ थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात आहे. कोणाचं ऐकावं? आणि दिवाळीआधीच घर रंगवायची चाल पडली तरी कशी?
— एक वाचक, पवनानगर

उत्तर : पेंटरचं ऐका. बाहेरच्या भिंतींच्या कामाला तुळशीचं लग्न झाल्यावर हात घाला आणि होळीच्या आत रंग संपवा. मावळात रंगकामाला याहून चांगले दिवस नाहीत. आईंचंही मन मोडू नका. दिवाळीला करण्यासारखं घरात बरंच आहे, ते पुढे सांगतो. दुकानदाराचं अर्धं म्हणणं खरं आहे, पण उरलेलं अर्धं महागात पडू शकतं. आता हे का, ते तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सांगतो, कारण सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

चाल पडली ती चुन्याची

दसरा-दिवाळीआधी घर उजळायची चाल पडली तेव्हा आपल्याकडे भिंतीचा रंग म्हणजे चुना. मातीच्या भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा, जमिनीला शेणाचं सारवण, चौकटीभोवती गेरू आणि गिलावा केलेल्या भिंतींना चुना. भट्टीवरून कळीचा चुना आणायचा, पिंपात टाकून वर पाणी ओतायचं. पाणी पडताच तो खदखदायला लागतो, वाफा येतात, ढेकळं आपोआप फुटतात. तो नीट विरला की फडक्यातून गाळायचा, पिवळटपणा मारायला नीळ घालायची, अंगाला लागू नये म्हणून सरस किंवा डिंक. केकताडाचं टोक ठेचून कुंचला करायचा आणि एक हात उभा, एक हात आडवा मारायचा.

हा चुना पावसाळ्यानंतरच्या भिंतीवर उत्तम बसतो. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला कर्बवायू ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. ही क्रिया व्हायला भिंतीत थोडा ओलावा लागतो. रणरणत्या उन्हातल्या कोरड्या भिंतीवर चुना मारला तर तो पकड घेण्याआधीच सुकतो आणि हाताला पावडर लागते. म्हणून जुने रंगारी चुना मारण्याआधी भिंतीवर पाणी शिंपडत. आश्विनातल्या भिंतीत हा ओलावा आयताच असायचा. शिवाय चुन्याचा थर बंदिस्त नसतो, त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडत राहते. चुना अतिशय क्षारयुक्त, म्हणून पावसाळ्यात धरलेली बुरशी त्याच्यापुढे टिकत नाही. आणि पुढच्या पावसात तो धुपून गेला तरी कोणाचं काही अडत नसे, कारण वर्षानं पुन्हा हात मारायचाच असे.

तेव्हा आईंचं म्हणणं निराधार नाही. दिवाळीआधीचे दिवस हा चुन्याचा खरोखरचा हंगाम होता. आपल्या आज्या-पणज्यांनी तो हंगाम भिंतीकडे बघून ठरवला होता.

पुढे बाजारात डबे आले. १९४२ साली मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी रेखाटलेला गट्टू हातात बादली आणि ब्रश घेऊन दुकानांच्या पाट्यांवर आला. डिस्टेंपर, ऑइलपेंट, मग प्लास्टिक पेंट घराघरांत पोहोचले. रंगाच्या जाहिराती सणाशी जोडल्या गेल्या, कारण घर उजळायची सवय त्या दिवसांचीच होती. डबा बदलला, तारीख मात्र चुन्याचीच राहिली. तुमच्या पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे या न बदललेल्या तारखेमुळे निघतात.

भाऊ पिंपरीत, तुम्ही धरणाशेजारी

पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या आसपास. दोन्हींत अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचं. पुण्याकडून घाटाकडे जसजसं सरकावं तसतसा पाऊस वाढत जातो, आणि पवनानगर या रांगेत घाटाच्या अंगाला आहे. पिंपरी-चिंचवडच्या नळाला तुमच्याच धरणाचं पाणी जातं, पण तुमचा पाऊस तिकडे जात नाही. म्हणून भावाच्या भिंतीशी तुमच्या भिंतीची तुलना करून रंगाला दोष देण्यात अर्थ नाही.

चार महिने वारा पश्चिमेकडून, जलाशयावरून येतो आणि पाऊस सरळ न पडता तिरपा मारतो. दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत त्याचा मार खाते. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी, म्हणून तिथे शेवाळ. वीट आणि गिलावा ही दोन्ही पाणी पिणारी. ऑक्टोबरची चार उन्हं पडली की गिलाव्याची वरची कातडी पांढुरकी, कोरडी दिसायला लागते आणि आपल्याला वाटतं, वाळली भिंत. आतलं पाणी तिथेच असतं. ते विटेतून सावकाश बाहेरच्या अंगाला येत राहतं आणि त्याला आठवडे लागतात.

प्लास्टिक पेंट वाळतो तो चुन्यापेक्षा अगदी वेगळ्या रीतीनं. त्यातलं पाणी उडून जातं, मागे राहिलेले प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा सलग पापुद्रा बनतो. ओल्या भिंतीवर हा पापुद्रा चढवणं म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट घालणं. डिसेंबरात दुपारचं ऊन भिंतीवर पडतं, आतली ओल उबेकडे धावते आणि पापुद्र्याला आतून ढकलते. तिच्याबरोबर विटेतले आणि सिमेंटमधले क्षारही बाहेर येतात. यालाच आपण लोणा म्हणतो. आधी एखादा फुगा दिसतो, मग कड सुटते, मग पुढच्या पावसाचं पाणी त्या कडेतून आत शिरतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तुम्ही बघता ते पोपडे, पण त्यांची सुरुवात रंग लावला त्याच आठवड्यात झालेली असते.

भिंत वाळली हे कळावं कसं?

यासाठी यंत्र लागत नाही. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा घ्या. पश्चिमेच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण हातभर उंचीवर तो लावा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीनं गच्च बंद करा. एक अख्खा दिवस आणि एक रात्र तो तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब दिसले किंवा प्लास्टिकखालचा चौकोन आजूबाजूपेक्षा गडद दिसला, तर भिंत अजून पाणी सोडते आहे. आठ-दहा दिवस थांबा आणि पुन्हा लावा. हीच परीक्षा खिडकीच्या खाली आणि स्लॅबच्या सांध्याखालीही घ्या, कारण एकाच भिंतीची एक जागा वाळलेली आणि दुसरी ओली असू शकते.

दुसरी परीक्षा कानाची. बोटाच्या पेरानं किंवा नाण्यानं भिंत वाजवत जा. टणक आवाज आला तर गिलावा धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर तो आतून सुटला आहे. तिथे खडूनं खूण करा. अशा जागेवर कितीही भारी रंग लावला तरी तो गिलाव्यासकट पडणार. तिसरी परीक्षा तळहाताची. जुन्या रंगावर हात घासा. पांढरी भुकटी लागली तर नुसतं झाडून भागणार नाही, घासकाम आणि प्रायमर दोन्ही लागेल.

पंचांग काय सांगतं?

हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो, पुण्याच्या बाजूनंही जवळपास तेव्हाच. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर हस्त नक्षत्र १० ऑक्टोबरच्या आसपास संपतं, आणि त्यानंतर चित्रा-स्वातीतही एखादी जोरदार सर येऊन जाते.

आता दिवाळी बघा. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला येतं. चांद्र वर्ष दर वर्षी अकरा-एक दिवसांनी मागे सरकतं आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. म्हणजे २०२५ साली पाऊस सरासरी तारखेला गेला असं धरलं तरी भिंतीला वाळायला दोन आठवडेही मिळाले नसते. २०२६ साली महिनाभर मिळतो. दिवाळी उशिरा असलेल्या वर्षी दिवाळीआधी रंग काढायचा मोह समजण्यासारखा आहे, पण पवनेच्या काठच्या पश्चिम भिंतीला महिनाही पुरेलच असं नाही. वर सांगितलेली प्लास्टिकची परीक्षा घ्या आणि तिचाच कौल माना.

आणखी एक गोष्ट पेंटरनं कदाचित सांगितली नसेल. दिवाळीच्या सुमाराला मावळात इंद्रायणी भाताची कापणी आणि झोडणी चालू असते. जी माणसं एरवी परांचीवर चढतात, त्यांतली बरीच तेव्हा खाचरात असतात. उरलेल्यांच्या हातात एकाच वेळी चार-चार घरं. अशा घाईत पहिल्या आणि दुसऱ्या हातामधला वेळ कापला जातो, पुट्टी ओली असताना पॉलिश पेपर फिरतो, प्रायमर वगळला जातो. कार्तिकी एकादशी उलटली की तीच माणसं निवांत असतात आणि काम मन लावून करतात.

पाहुणे येणार म्हणून केलेल्या घाईची मोठी किंमत तुमच्या शेजारीच मोजली गेली आहे. कामशेत-पवनानगर रस्त्याजवळची बेडसे लेणी तुम्ही पाहिली असतील. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या त्या चैत्यात जुन्या चित्रांचे अवशेष होते. १८६१ च्या सुमारापर्यंत, भेटीला येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना खूश करण्यासाठी स्थानिक अधिकारी लेणं वरचेवर साफसूफ करून रंगवून घेत. त्यात जुना गिलावा गेला आणि त्याबरोबर चित्रंही गेली. घराची भिंत लेण्याइतकी अमोल नसेल, पण न्याय तोच लागतो. पाहुण्याच्या तारखेला नाही, भिंतीच्या तब्येतीला धरून काम काढावं.

मग मे महिना का नको?

मे महिन्यात भिंत कोरडी असते, हे दुकानदाराचं म्हणणं बरोबर. पण त्या महिन्यात तीन अडचणी आहेत. पहिली, तापलेली भिंत. दुपारच्या उन्हात भिंतीला हात लावून बघा, धरवत नाही. अशा भिंतीवर रंग पसरायच्या आधीच सुकतो, ब्रशच्या रेघा तशाच राहतात आणि पापुद्रा नीट जुळत नाही. सिमेंट पेंट, म्हणजे आपण ज्याला सरसकट स्नोसेम म्हणतो, त्याला तर आधी भिंत ओली करावी लागते आणि नंतर पाणी मारून मुरवावं लागतं. मेमध्ये इतकं पाणी अनेक वाड्या-वस्त्यांवर असतच नाही.

दुसरी अडचण वळिवाची. सकाळी रंग, संध्याकाळी वादळ आणि गारा. ताज्या रंगावर पाण्याचे ओघळ उमटतात. तिसरी अडचण सर्वांत मोठी. मोसमी पाऊस मुंबईत सरासरी ११ जूनला पोहोचतो, पण २०२५ साली तो २६ मे रोजीच आला. मेच्या शेवटच्या आठवड्यात रंगकाम ठेवलेल्यांना त्या वर्षी वेळच उरला नाही. रंगाला पूर्ण कडकपणा यायला काही आठवडे लागतात. त्याच्या आत पवनेच्या पावसाचा मारा सुरू होणं बरं नाही.

हिवाळ्यातलं दव

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सोयीचा असला तरी मावळात पहाटेचं दव आणि धुकं आहे. धरणाच्या कडेला ते जास्तच. सकाळी आठला भिंतीवरून बोट फिरवलं तर ओलं होतं. तेव्हा कामाचं घड्याळ बदलायचं. दहाच्या आधी ब्रश लावू नये आणि बाहेरच्या भिंतीवरचा शेवटचा हात दुपारी तीन-साडेतीनच्या आत संपवावा, म्हणजे दव पडायच्या आत रंगाला तीन-चार तास मिळतात. संध्याकाळी उशिरा मारलेल्या हातावर रात्री दव पडलं की सकाळी चिकट, चकचकीत डाग आणि ओघळ दिसतात.

भिंतींचा क्रमही ठरवून घ्या. पूर्वेच्या भिंतीवरचं ऊन सरलं की दुपारी ती घ्यावी, पश्चिमेची दव सुकल्यावर दुपारच्या आत. उत्तरेची सर्वांत शेवटी, फेब्रुवारीत, कारण ती सगळ्यांत उशिरा वाळते. काही पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, पण दिवसा ऊन लागलेल्या भिंतीला त्याची अडचण नाही.

वर्षाचा क्रम असा लावा

श्रावणात, पाऊस जोरात असताना, हातात खडू घेऊन घरभर फिरा. कुठून झिरपतं, कुठे ओल चढते, पागोळ्यांचं पाणी कुठे भिंतीवर उडतं, ते पावसाळ्यातच दिसतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डिसेंबरात त्या जागा कोणालाच आठवत नाहीत.

दिवाळीला घर झाडून-पुसून घ्या, जाळी-जळमटं काढा. आतल्या भिंतींपैकी ज्या बाहेरच्या पावसाला लागून नाहीत, त्या प्लास्टिकच्या परीक्षेत उतरल्या तर खुशाल रंगवा. मधली खोली, देवघर, ओटीची आतली बाजू एवढं सहज होतं. मागच्या दगडमातीच्या दोन खोल्यांना आईंच्या देखरेखीखाली चुनाच मारा. त्या भिंतींना तोच मानवतो आणि आईंची दिवाळीही साजरी होते.

दिवाळी झाल्यावर शेवाळ काढा. तारेच्या ब्रशनं खरवडून ब्लिचिंग पावडरचं पाणी लावा, थोड्या वेळानं धुवा. ते ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. लोणा मात्र कोरड्या ब्रशनंच झाडा. धुतलं की क्षार पुन्हा आत मुरतात.

मार्गशीर्षात दुरुस्ती. पोकळ गिलावा फोडून नवा करा, स्लॅबच्या भेगा भरा, पन्हळी नीट करा. नव्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारा. त्यानंतर रंगाआधी त्याला निदान २८ दिवस द्यायला हवेत, कारण ताजं सिमेंट फार क्षारयुक्त असतं आणि ऑइलपेंटचा तर ते अक्षरशः साबण करून टाकतं.

पौष-माघात प्रायमर आणि रंगाचे दोन हात. फाल्गुनात लाकूडकाम. पावसाळ्यात फुगून चौकटीला अडणारी दारं-खिडक्या तोवर आकसून मूळ मापावर येतात. फुगलेल्या लाकडाला रंग दिला तर ते आकसताना रंगाला चिरा पडतात. लोखंडी ग्रिल आणि फाटक चैत्रात, गंज घासून, रेड ऑक्साइड लावून. जुना ऑइलपेंट खरडताना खिडक्या उघड्या ठेवा, ओला पॉलिश पेपर वापरा आणि लहान मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नका. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस लागू झाला, त्याआधीच्या रंगांच्या धुळीत शिसं असू शकतं. हे काम पावसाळ्यात, दारं-खिडक्या बंद असताना, अजिबात काढू नये.

पूरक प्रश्न

प्रश्न : नव्या घराचा गिलावा मार्गशीर्षात संपेल. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत आहे. सगळे हात एकदम मारून घ्यावेत का?
— एक वाचक, कामशेत

उत्तर : वेळ आहे, पण सगळं संपवू नका. प्रायमर आणि रंगाचा एकच हात देऊन वास्तुशांत करा. नव्या घराच्या भिंतीत बांधकामाचंच पुष्कळ पाणी असतं आणि पहिल्या पावसाळ्यात कुठे भेग जाते, कुठे झिरपतं ते कळतं. ते बुजवून पुढच्या माघात शेवटचा हात द्या. बाहेरून पुट्टी लावायचा आग्रह झाला तर ती पांढऱ्या सिमेंटची असल्याची खात्री करा. आतल्या भिंतीची साधी लांबी पावसात टिकत नाही.

प्रश्न : आमचा बंगला भाड्यानं जातो. पर्यटकांची गर्दी पावसाळ्यातच, म्हणून मेअखेर रंगवून तयार ठेवायची पद्धत आहे. बदलावी का?
— एक वाचक, लोणावळा

उत्तर : जरूर बदला. लोणावळ्याच्या पावसात मेअखेरचा रंग सर्वांत आधी धुपतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, सोमवार ते गुरुवार बंगला रिकामा असताना, बाहेरचं काम उरका. मेमध्ये फक्त आतल्या खोल्या आणि ग्रिल यांवर हात फिरवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला हात लावू नये. आतलं एखादं छोटं काम निघालंच तर दोन हातांच्या मध्ये डब्यावर लिहिलेल्या तासांच्या दुप्पट वेळ द्या आणि पंखा चालू ठेवा.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या दगडी भिंतींना वडिलांनी ऑइलपेंट दिला होता. आता खालून दोन फूट सगळं सुटलंय. परत चुना लावता येईल?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : लावता येईल आणि लावावा, पण ऑइलपेंट पूर्ण उतरवून. त्याच्यावर चुना धरत नाही. जोत्याजवळची ओल जमिनीतून चढते. वर बंदिस्त थर दिला की ती आणखी वर सरकते. रंग खरवडून एक उन्हाळा भिंत उघडी राहू द्या, सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करून घ्या आणि त्यावर पातळ चुन्याचे तीन-चार हात. हे काम मात्र दसरा-दिवाळीलाच काढा. तुमच्या भिंतीसाठी जुनी तारीख अजूनही बरोबर आहे.

आता पवनानगरच्या वाचकांसाठी शेवटचं. लग्न वैशाखात आहे, म्हणजे माघात रंग संपला तरी मांडव पडेपर्यंत दोन महिने हाताशी राहतात. रंगाचा वास गेलेला असेल, पापुद्रा कडक झालेला असेल, आणि लग्नघरातल्या गर्दीत भिंतीला हात, खांदे, खुर्च्या लागल्या तरी ती पुसता येईल. पेंटरला आत्ताच तारीख द्या आणि थोडी उचल द्या, कारण लग्नसराईत सगळ्यांनाच तो हवा असतो. हिशोब ठरवतानाच घासकाम, प्रायमर आणि दोन हातांमधला वेळ या तीन गोष्टी वेगळ्या बोलून घ्या. टिकणारा रंग याच तिन्हींवर उभा असतो. आईंना सांगा, देवघर आणि मागच्या खोल्या दिवाळीलाच उजळतील. पश्चिमेची भिंत तेवढी माघापर्यंत वाळू द्या.